हातभर पाचोळा: जमिनीवरचे सूक्ष्म संधिपाद शोधावेत, ओळखावेत आणि मोजावेत कसे

पावसाळ्यात कुंडीला जरा जास्त पाणी झाले आणि ते खालच्या ताटलीत साचले, की काही वेळाने त्या पाण्यावर राखेची चिमूट भुरभुरावी तसे काहीतरी तरंगताना दिसते. बोट जवळ नेले की ही राख टुणकन उडते. ते असतात स्प्रिंगटेल या गटातले, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीचे, सहा पायांचे जीव. त्यांच्या पोटाखाली दुभागलेली शेपटी दुमडून एका बारीक आकड्यात अडकवलेली असते. आकडा सुटला की शेपटी पाण्यावर आपटते आणि जीव स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट उंच फेकला जातो. स्कॉटलंडमधील राइनी येथे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात स्प्रिंगटेलचे जीवाश्म सापडले आहेत, म्हणजे फुलपाखरांच्या आणि फुलांच्याही कितीतरी आधीपासून हा गट जमिनीवर नांदतो आहे.

कीटकांच्या अभ्यासाकडे वळणारी बहुतेक मंडळी फुलपाखरे आणि चतुर यांच्या वाटेने येतात. ती वाट चांगलीच आहे. परंतु संधिपादांची, म्हणजे सांधेदार पायांच्या जीवांची, खरी गर्दी डोळ्यांसमोर नसून पायांखाली असते. आजवर वर्णन झालेल्या कीटकांच्या जाती सुमारे १० लाख, माइटच्या (कोळ्याच्या नात्यातल्या बारीक जीवांच्या) ५० हजारांहून अधिक आणि स्प्रिंगटेलच्या सुमारे ९ हजार आहेत. वर्णन न झालेल्या जाती यांहून पुष्कळ असाव्यात, यावर अभ्यासकांचे एकमत आहे. चांगल्या जंगलाच्या एक चौरस मीटर जमिनीत माइट आणि स्प्रिंगटेल मिळून हजारोंनी, कित्येकदा लाखाच्या घरात असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचायला महागडी साधने लागत नाहीत. रिकामी बाटली, जाळीचा तुकडा, दिवा आणि भिंग एवढ्यावर काम सुरू होते. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: नाव नंतर, नोंद आधी. जातीचे नाव कळले नाही म्हणून थांबू नये, आणि नाव कळले म्हणून नोंद अपुरी सोडू नये.

आधी नावांचा घोळ

मराठीत ‘कोळी’ हा शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. जाळे विणणारा तो कोळी आहेच, पण शेतकरी ज्याला ‘लाल कोळी’ म्हणतात तो पानांतील रस शोषणारा माइट असतो. कोकणात नारळाच्या फळावर तपकिरी, भेगाळलेले चट्टे पाडणारा ‘इरिओफाइड कोळी’ हाही माइटच. दोघेही अष्टपादांच्या मोठ्या कुळातले असले, तरी कोळ्याचे शरीर बारीक कमरेने दोन भागांत विभागलेले दिसते आणि माइटचे शरीर एकसंध गोळ्यासारखे असते. गोंधळ टाळण्यासाठी या लेखात जाळेवाल्याला कोळी आणि दुसऱ्याला माइट असेच म्हटले आहे. मृगाच्या सरींबरोबर माळावर दिसणारा, लाल मखमलीचा मृगाचा किडा हा आपल्याकडचा सर्वांत देखणा आणि सर्वांत मोठा माइट आहे. त्याला ‘किडा’ म्हणत असलो तरी त्याचे पाय मोजले तर आठ भरतात.

जागेची निवड

नवशिक्याने दूरच्या जंगलात जाण्याऐवजी घरापासून चालत जाता येईल अशा दोन जागा निवडाव्यात, आणि त्या दोहोंमध्ये एखादा ठळक फरक असावा. फणसाखालचा वर्षानुवर्षे न झाडलेला पाचोळा आणि रोज झाडले जाणारे अंगण, देवराईची कड आणि तिच्या शेजारची सागाची लागवड, अशा जोड्या चांगल्या ठरतात. कोकणात आणखी एक उत्तम जोडी आयतीच मिळते. भाताचा तरवा (लावणीची रोपे) टाकण्यापूर्वी ज्या तुकड्यावर कवळ (तोडलेल्या डहाळ्या) आणि पातेरा पसरून राब भाजतात तो तुकडा आणि त्याच्या बांधापलीकडचा न भाजलेला तुकडा यांची माती एकच, पाऊस एकच; फरक केवळ आगीचा. उन्हाळ्याच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत दर महिन्याला या दोन्ही तुकड्यांवर काय परतते आणि कोणत्या क्रमाने परतते, हे पाहणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकतो.

ऋतूचे भान सुरुवातीपासून ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीच्या माथ्यावरचा वरचा पाचोळा चुरचुरीत कोरडा असतो आणि बहुतेक सूक्ष्म जीव खाली ओलाव्याकडे सरकलेले किंवा निद्रावस्थेत असतात. त्या वेळी नमुना जवळजवळ रिकामा निघाला तर निराश होऊ नये. तो रिकामा नमुनाही वहीत नोंदवावा, कारण जूनमध्ये त्याच जागी जे दिसेल त्याची तुलना याच नोंदीशी करायची आहे.

परवानगी आणि काळजी

अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात किंवा राखीव वनात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय पाचोळ्याची मूठही उचलू नये. देवराईत तर गावकऱ्यांना विचारल्याखेरीज पाऊलही टाकू नये. अनेक ठिकाणी तिथले वाळके पानही बाहेर नेत नाहीत, आणि याच रिवाजामुळे तिथला पाचोळा इतका समृद्ध राहिला आहे. खाजगी जागेत मालकाला सांगून काम करावे. तो बहुधा हसेल, पण नाही म्हणणार नाही.

पाचोळ्यात थेट हात घालू नये. कोकणात फुरसे आणि लाल विंचू या दोघांनाही कोरडा पाला आणि दगडांखालची जागा आवडते, म्हणून आधी काठीने पाला हलवावा, पायांत उंच बूट आणि हातांत जाड मोजे असावेत. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायमोज्यांत खोचलेली विजार ही केवळ शिस्त नव्हे. स्क्रब टायफस हा ताप एका प्रकारच्या माइटच्या अळ्या चावल्याने होतो आणि पावसाळ्यात व त्यानंतर त्याचे रुग्ण आढळतात. काम केल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला किंवा अंगावर काळी खपली धरलेला चट्टा दिसला, तर डॉक्टरांना आपण पाचोळ्यात काम करतो हे आवर्जून सांगावे. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग परिसरात, २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले असून तो गोचिडींमार्फत पसरतो. तिथे माकड मेलेले आढळले असेल तर त्या भागातील पाचोळ्याला हात लावू नये आणि आरोग्य केंद्राला कळवावे.

नमुना घेणे

तारेची किंवा लाकडी पट्ट्यांची २५ सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद चौकट करून घ्यावी. तिचे क्षेत्रफळ एका चौरस मीटरचा सोळावा भाग असते, त्यामुळे मिळालेल्या आकड्याला १६ ने गुणले की चौरस मीटरचा अंदाज मिळतो. चौकट टाकताना चांगली दिसणारी जागा शोधण्याचा मोह होतो. तो टाळावा, ठरावीक पावले चालून जिथे पोहोचू तिथेच चौकट ठेवावी. आतला पाला मातीपर्यंत गोळा करताना कोळी, झुरळे, मोठे भुंगेरे, गोमी असे मोठे जीव पटकन पळतात, म्हणून त्यांना आधी टिपून वेगळ्या डबीत घ्यावे किंवा जागीच मोजून सोडून द्यावे. पाला कापडी पिशवीत भरावा, कारण प्लास्टिकच्या पिशवीत आतल्या बाजूला पाणी सुटते आणि त्या थेंबांत बारीक जीव चिकटून मरतात. पिशवी सावलीत ठेवावी, उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको, आणि शक्य तो त्याच दिवशी पुढचे काम सुरू करावे. एका जागेतून एकच नमुना पुरत नाही. निदान पाच घ्यावेत, कारण हे जीव सारखे पसरलेले नसून पुंजक्यांनी राहतात.

गाळणीचा सापळा

पाल्यातून मिलिमीटरभर जीव चिमट्याने वेचणे अशक्य असते, म्हणून त्यांना स्वतःच्या पायांनी बाहेर यायला लावायचे. इटालियन कीटकशास्त्रज्ञ अंतोनियो बर्लेझे यांनी १९०५ मध्ये ही युक्ती काढली. त्यांनी उष्णतेसाठी गरम पाणी वापरले होते. स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन यांनी १९१८ मध्ये त्याऐवजी विजेचा दिवा लावला. तत्त्व अगदी साधे आहे. वरून ऊब आणि उजेड मिळाला की पाला वरून खाली वाळत जातो, ओलावा आणि अंधार शोधणारे जीव खाली सरकत जातात आणि शेवटी गाळणीतून भांड्यात पडतात.

दोन लिटरच्या शीतपेयाच्या बाटलीचा वरचा तिसरा हिस्सा कापून तो उलटा करून खालच्या भागात बसवावा. ही झाली गाळणी. तिच्या रुंद तोंडापासून थोडे खाली सुमारे दोन मिलिमीटर भोकांची जाळी बसवावी. पीठ चाळायच्या चाळणीची जाळी फार बारीक असते, त्यातून माइट पडतात पण छोटे भुंगेरे अडकतात. गहू चाळायच्या चाळणीतून पाल्याचा चुराच खाली येतो. हार्डवेअरच्या दुकानात मोजपट्टी घेऊन जावे, हे उत्तम.

जाळीवर पाला दोन-तीन बोटे जाडीचा पसरावा. पाला भरताना माती आणि चुरा झडतोच, म्हणून खालचे भांडे लगेच ठेवू नये. आधी कागदावर सारे झडू द्यावे, तो कागद हलकेच पुन्हा पाल्यावर झटकावा आणि मगच भांडे ठेवावे. पाल्यापासून वीतभर उंचीवर २५ किंवा ४० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब टांगावा. एलईडी दिवा इथे उपयोगाचा नाही, कारण त्याची ऊब पाल्यापर्यंत पोहोचत नाही. घाई करून बल्ब जवळ आणला तर पाला वरच्यावर भाजतो आणि हळू चालणारे माइट वाटेतच मरतात. चार ते सात दिवसांत सावकाश वाळणारा नमुना सर्वांत चांगला. वाळलेला पाला आणि गरम बल्ब यांची जोडी घर रिकामे असताना चालू ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

खालच्या भांड्यात काय असावे, यावर मतभेद आहेत. अभ्यासक तिथे ७० ते ८० टक्के अल्कोहोल ठेवतात. नवशिक्याने पहिल्या काही नमुन्यांसाठी जीव जिवंत पकडावेत, असे मी सुचवेन, कारण चाल पाहिल्याशिवाय हे गट मनात ठसत नाहीत. नऊ भाग प्लास्टर ऑफ पॅरिस आणि एक भाग कोळशाची पूड पाण्यात कालवून भांड्याच्या तळाशी बोटभर थर ओतावा आणि तो वाळल्यावर पाण्याने ओलसर करावा. या काळ्या, ओलसर तळावर पांढरे स्प्रिंगटेल लख्ख उठून दिसतात. मात्र भांडे रोज सकाळी रिकामे करावे, कारण शिकारी आणि सावज दोघेही एकाच वाटेने खाली येतात आणि रात्रभरात हिशेब बदलतो.

माझ्या पहिल्या सापळ्यात दुसऱ्याच दिवशी शेकडो तांबड्या मुंग्या आल्या आणि मी आनंदाने त्यांची संख्या लिहून ठेवली. त्या पाचोळ्यातल्या नसून स्वयंपाकघरातल्या होत्या. तेव्हापासून जाळीच्या कपाटाखाली ठेवतात तशा पाण्याच्या वाट्या सापळ्याखालच्या स्टुलाच्या चारही पायांखाली असतात.

ओळख

भांड्यातील जीव पांढऱ्या बशीत घेऊन दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहावेत. मोबाइलला चिमट्याने लावायचे भिंगही पुष्कळ काम करते. बशीखाली आलेखाचा मिलिमीटर कागद ठेवला की लांबी आपोआप नोंदली जाते आणि छायाचित्रातही मोजमाप राहते.

पहिला प्रश्न पायांचा. सहा पाय असतील तर कीटक किंवा त्यांचे जवळचे नातलग. त्यांतले स्प्रिंगटेल एकदा उडी मारताना पाहिले की विसरत नाहीत, पण मातीत खोलवर राहणाऱ्या काही जातींची शेपटी लोपलेली असते आणि त्या पांढऱ्या, मंद, सुजट दिसतात. शेपटीच्या जागी दोन लांब दोऱ्या किंवा छोटा चिमटा असलेला पांढरा, आंधळा जीव डिप्लुरा गटातला असतो. मिशाच नसलेला, पुढचे पाय मिशांसारखे वर धरून चालणारा फिकट जीव मिळाला तर नशीब चांगले. तो प्रोटुरा, ज्याचा शोध १९०७ पर्यंत कोणाला लागला नव्हता. मुंग्यांत दोन-तीन मिलिमीटरची, लांबट जबड्यांची, संथ चालणारी स्ट्रुमिजेनिस जरूर शोधावी. तिचे जबडे सापळ्यासारखे उघडे असतात आणि स्प्रिंगटेल टप्प्यात आला की ते क्षणार्धात मिटतात. उडी मारणाऱ्याला पकडायला हाच वेग कामी येतो.

आठ पाय असतील तर अष्टपाद. माइटमध्ये तीन प्रकार पहिल्याच दिवशी वेगळे करता येतात. खसखशीच्या दाण्याहून लहान, तपकिरी आणि चकचकीत, टोचल्यावर पाय आखडून निश्चल पडणारे ते कवचधारी ओरिबॅटिड. हे बुरशी आणि कुजणारी पाने खातात. चपटे, बदामी रंगाचे, सुसाट धावणारे माइट बहुधा शिकारी असतात. मऊ अंगाचे, कित्येकदा तांबडे दिसणारे तिसऱ्या प्रकारात ठेवावेत. पुढे विंचवासारखे चिमटे आहेत पण शेपटी आणि डंख मारणारी नांगी नाही, असा तीन-चार मिलिमीटरचा जीव मागे मागे सरकताना दिसला तर तो छद्मविंचू. माणसाला तो काहीही करत नाही.

चौदा पायांचे, स्पर्श करताच गोळी होणारे जीव कीटक नसून खेकड्यांचे जमिनीवर आलेले नातलग आहेत. ते अजूनही पोटाखालच्या ओलसर पाकळ्यांनी श्वास घेतात आणि म्हणून ओलाव्याला धरून राहतात. त्याहून अधिक पाय असतील तर प्रत्येक खंडावरच्या जोड्या पाहाव्यात: बहुतेक खंडांवर दोन-दोन जोड्या असतील तर वाणी किंवा पैसा, एकेक असेल तर गोम. चपट्या वाणीला हाताळल्यावर बदामासारखा वास आला तर हात धुवावेत, कारण त्यांतील काही जाती हायड्रोजन सायनाइड सोडतात.

पायांच्या या नियमाला अपवाद आहेत आणि नवशिका तिथेच फसतो. माइटच्या अळीला सहाच पाय असतात. मृगाच्या किड्याची अळी अशीच सहा पायांची असते आणि इतर संधिपादांच्या अंगाला चिकटून वाढते. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या वाणीलाही पायांच्या तीनच जोड्या असतात. नारळाच्या इरिओफाइडला तर आयुष्यभर चारच पाय. म्हणून पायांबरोबर मिशाही पाहाव्यात: अष्टपादांना मिशा कधीच नसतात, त्यामुळे सहा पायांचा मिशा नसलेला गोल जीव बहुतेक वेळा माइटची अळी निघतो.

गटापर्यंतची ओळख नवशिक्याला पुरते. माइट आणि स्प्रिंगटेल यांची जात ठरवायला काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली केस आणि नख्या मोजाव्या लागतात, तेव्हा छायाचित्रावरून कोणी झटपट जातीचे नाव सांगितले तर सावध असावे. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर छायाचित्र टाकताना गटाचे नाव देऊन थांबण्यात कमीपणा नाही. पुढे जायचे असेल तर १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

चिठ्ठी

जतन करायचा प्रत्येक नमुना वेगळ्या कुपीत आणि चिठ्ठी कुपीच्या आत ठेवावी, बाहेर चिकटवू नये. चिठ्ठीवर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणत्या झाडाखाली, कोणत्या पद्धतीने आणि कोणी गोळा केले, एवढे लिहावे. लिहायला पेन्सिलच वापरावी. मी एका संपूर्ण पावसाळ्याच्या चिठ्ठ्या बॉलपेनने लिहिल्या होत्या. अल्कोहोलने शाई धुऊन नेली आणि निळसर पाण्यात तरंगणारे, कुठले ते न सांगता येणारे जीव तेवढे उरले. ठिकाण आणि तारीख नसलेला जीव अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी असतो, मग तो कितीही दुर्मीळ असो.

मोजणी, आणि पाला कुजतो कसा

वहीत प्रत्येक नमुन्याला एक ओळ आणि प्रत्येक गटाला एक रकाना द्यावा. ज्या गटाचे काहीच मिळाले नाही तिथे जागा मोकळी न ठेवता शून्य लिहावे. मग आडव्या अक्षावर नमुन्यांची संख्या आणि उभ्या अक्षावर आतापर्यंत मिळालेल्या एकूण गटांची संख्या घेऊन आलेख काढावा. रेष सुरुवातीला झरझर चढते आणि पुढे सपाट होऊ लागते. ती चढतीच असेल तर नमुने अजून पुरेसे झालेले नाहीत.

कोण आहे हे कळल्यावर ते करतात काय, हा प्रश्न उरतो, आणि त्यासाठी जाळीच्या पिशव्यांचा प्रयोग करावा. एकाच झाडाची वाळलेली पाने प्रत्येकी दहा ग्रॅम मोजून काही पिशव्यांत भरावीत. निम्म्या पिशव्या पाच मिलिमीटर भोकांच्या जाळीच्या असाव्यात, निम्म्या इतक्या बारीक कापडाच्या की बुरशी आणि जिवाणू आत शिरतील पण संधिपाद शिरणार नाहीत. जूनच्या सुरुवातीला साऱ्या पिशव्या एकाच झाडाखाली ठेवाव्यात आणि दर महिन्याला प्रत्येक प्रकारच्या दोन-दोन उचलून वाळवून वजन करावे. बुरशी चरणारे, पाने कुरतडणारे, आपल्या बारीक लेंड्यांनी पाल्याचा भुसा करणारे हे जीव कुजण्याला किती हातभार लावतात, ते दोन्ही वजनांतील फरकातून दिसते. सागाची राठ पाने आणि उंबराची पाने स्वतंत्र पिशव्यांत ठेवली तर हा फरक झाडागणिक कसा बदलतो हेही पाहता येते. वजन करण्यापूर्वी पानांना चिकटलेली माती मऊ ब्रशने झाडून घ्यावी. पावसाळ्यात ती इतकी चिकटते की कधी कधी कुजलेल्या पानांचे वजन मूळ वजनापेक्षा जास्त भरते.